तारेवरचं फुलपाखरू

आमच्या घरात सध्या मारुतीच्या अकरा वड्या पडून आहेत आणि त्यांचं काय करायचं हे कोणालाच सुचत नाहीये. वड्या साबणाच्या आहेत. मारुती मी काढलेला नाही, तो आपण होऊन प्रकट झाला. मी फुलपाखरू करायला गेले होते. 'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' ही म्हण ज्याने कोणी काढली, त्यानेही बहुधा असंच काहीतरी साच्यात ओतलं असावं.

पण असं मधूनच सांगण्यात अर्थ नाही. पहिल्यापासून सांगते.

मागच्या दिवाळीत पुण्याची मामेबहीण आमच्याकडे नाशिकला आली होती. जाताना तिने माझ्या हातावर एक चपटा खोका ठेवला. आत साबणाच्या दोन वड्या, एकमेकींना खेटून ठेवलेल्या, आणि त्या दोन्ही मिळून एक फुलपाखरू. पांढऱ्या जमिनीवर निळे पंख, पंखांच्या कडांना पिसाऱ्यासारख्या बारीक रेघा, मध्ये काळसर अंग. मी विचारलं, "कुठून आणलंस गं?"

ती म्हणाली, "केलं."

एवढंच. विकत आणलेल्या वस्तूचा आपल्याला त्रास होत नाही. किंमत विचारायची, 'बाई गं, एवढे?' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण 'केलं' म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपल्याला स्वतःलाच विचारावा लागतो. मी तो रात्री दोन वाजेपर्यंत विचारला आणि सकाळी तिला फोन केला.

"अगं, काही नाही त्यात," ती म्हणाली. (काही नाही त्यात, हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसांची एक वेगळी यादी करून ठेवायला हवी. त्यात माझे गणिताचे सर आहेत, स्कूटर शिकवणारा भाऊ आहे आणि सुरळीच्या वड्या करणाऱ्या सगळ्या बायका आहेत.) तिने जे सांगितलं ते असं. साबणात चित्र काढत नाहीत, ओततात. तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र घुसळलं की दाटसर, गुळगुळीत मिश्रण तयार होतं. ते एका उंच आणि अरुंद साच्यात भरायचं. मग त्यातच दोन-तीन रंगांच्या धारा सोडायच्या. उंचावरून सोडलेली धार तळाशी जाते, जवळून सोडलेली वरच राहते, म्हणून हात वरखाली करत राहायचं. शेवटी साच्याच्या लांबीएवढी वाकवलेली तार एका कडेने तळापर्यंत उतरवायची आणि खाली-वर, खाली-वर वळसे घेत दुसऱ्या कडेने बाहेर काढायची. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या. प्रत्येक कापाच्या दोन बाजू म्हणजे एकमेकींची आरशातली प्रतिबिंबं. पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवल्या की हा डावा पंख आणि हा उजवा.

"आणि आत फुलपाखरू झालंय की नाही, ते कधी कळतं?"

"कापल्यावर."

म्हणजे कलिंगडाचा व्यवहार. मी मनात म्हटलं, हिशेबाच्या कामात वीस वर्षं गेली, ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळत नाही याची सवय आहे. साबण असा काय असणार?

कॉस्टिक सोडा आणायला रविवार कारंज्यावर गेले. दुकानदाराने विचारलं, "मोरी तुंबलीय का?" मी म्हटलं, "नाही, अंगाला लावायचा साबण करायचाय." त्याने एकदा डबीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि कसलाही प्रश्न न विचारता डबी दोन पिशव्यांत घालून दिली. त्याची चूक नव्हती. हीच पूड नाशिकच्या निम्म्या मोऱ्या मोकळ्या करते. ती तेलाशी पूर्ण एकजीव झाली की कॉस्टिक म्हणून शिल्लकच राहत नाही, साबण आणि ग्लिसरीन होऊन जाते, हे मी मोठ्या अभिमानाने घरी सांगितलं. नवऱ्याने विचारलं, "आणि पूर्ण नाही झाली तर?" त्याला अशा वेळी नेमकं सुचतं.

त्याचंही उत्तर आहे. प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी. खोबरेल तेल शंभर ग्रॅमला 18 ग्रॅमच्या वर कॉस्टिक खातं, ऑलिव्ह साडेतेरा ग्रॅमवर ढेकर देतं. मी 500 ग्रॅम ऑलिव्ह, 300 ग्रॅम खोबरेल, 150 ग्रॅम राइस ब्रॅन आणि 50 ग्रॅम एरंडेल असं एक किलो तेल धरलं. हिशेबाने त्याला 148 ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक लागतं. त्यातलं पाच टक्के मुद्दाम कमी करायचं, म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि कॉस्टिकचा कण उरत नाही. 141 ग्रॅम. त्याच्या दुप्पट पाणी. हा कागद मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला, आणि तिथूनच आमच्या सासूबाईंचा या प्रकरणात प्रवेश झाला.

"माझी कढई द्यायची नाही," त्या म्हणाल्या.

"आई, ती ॲल्युमिनियमची आहे. ती चालतच नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, हायड्रोजन सुटतो."

आपल्या कढईच्या बाजूने रसायनशास्त्र उभं आहे हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि दारात बसल्या. त्यानंतरचा, एक सोडून, प्रत्येक घाणा त्यांनी त्या खुर्चीवरून पाहिलेला आहे.

पोशाखाचं एक सांगायला हवं. पूर्ण बाह्यांचा नवऱ्याचा जुना शर्ट, भांडी घासायचे लांब रबरी हातमोजे, डोळ्यांवर मुलाचा पोहण्याचा चष्मा. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही, हा पहिला नियम. पाणी गार असलं तरी दोन मिनिटांत हात लावू नये इतकं तापतं आणि त्याची वाफ घशाशी येते, म्हणून ते काम गॅलरीत. समोरच्या इमारतीतल्या काकू कपडे वाळत घालत होत्या. माझा तो अवतार आणि हातातलं वाफाळतं पातेलं पाहून त्यांनी ओल्या साडीसकट दार लावून घेतलं.

पहिल्या घाण्यात मी बाजारचे रंग घेतले नाहीत. आपल्याकडे काय कमी आहे, असा विचार केला. लाल रंगासाठी बिटाचा रस, पिवळ्यासाठी हळद. बिटाचा रस पडला तेव्हा इतका देखणा दिसला की मी मामेबहिणीला फोटो पाठवला. पाच मिनिटांत तो चहाच्या चोथ्यासारखा झाला. हळदीने तर पिवळं व्हायचंच नाकारलं, ती तांबडी झाली. मी कागद पुन्हा वाचू लागले, तेव्हा दारातून आवाज आला, "हळदीला चुना लागला की कुंकू होतं गं. माझी आजी घरी करायची. एवढं शिकून तुम्हाला हे सांगत नाहीत का?"

नाही सांगत. अल्कलीत हळद तांबडी होते हे मी शाळेत हळदीच्या कागदाचा प्रयोग करून शिकले होते, वहीत आकृती काढून शेजारी 'अनुमान' असंही लिहिलं होतं. पण ती हळद वहीतली होती. डब्यातल्या हळदीलाही तोच नियम लागू पडतो, असं त्या प्रयोगात कुठे म्हटलेलं नव्हतं.

मग रीतसर रंग आणले. साबणात चालणारे चमकदार रंग म्हणजे 'मायका', आपलं अभ्रक. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, काळ्यासाठी कोळशाची पूड. अभ्रकावर रंग चढवलेला असतो. तो चमचाभर तेलात कालवून घ्यावा लागतो, नाहीतर गुठळ्या राहतात. या अभ्रकावरून मला एक शोध लागला, तो इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पाण्यावर रंग तरंगवून, कंगव्याने ओढून, त्यावर कागद टेकवून नक्षी उचलायची कला आहे ना, तिला फारसीत अबरी म्हणतात. सतराव्या शतकात आदिलशाही विजापूरचे चित्रकार त्यात पारंगत होते, आख्खे घोडे त्या नक्षीतून उभे करायचे. साबणात कंगवा ओढून मोरपिसं काढतात ती सगळी या कलेतलीच उसनवारी. तर 'अब्र' म्हणजे ढग, आणि आपल्या संस्कृतात 'अभ्र' म्हणजेही ढग. दोन्ही सख्ख्या बहिणी. अबरीही ढगाची आणि अभ्रकही ढगाचं. मला हे इतकं आवडलं की मी ते घरात सगळ्यांना सांगितलं. मुलगा म्हणाला, "म्हणून तुझ्या साबणात ढगच होतात का?"

दुसऱ्या घाण्यात ढगही झाले नाहीत. थंडी पडायला लागली होती म्हणून मी लवंगेचं तेल घातलं. लवंग साबणाला घाई करते, हे मला नंतर कळलं. एका मिनिटाच्या आत पातेल्यातलं सगळं मिश्रण दगड झालं आणि त्यात हॅण्ड ब्लेंडर उभा राहिला, न धरता. मी ब्लेंडर उचलला तर पातेलंही बरोबर उचललं गेलं. जवळजवळ दीड किलोची कुल्फी. घरात दोन दिवस दाताच्या दवाखान्याचा वास होता.

तिसरा घाणा जानेवारीतला. नाशिकची जानेवारी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी पेपरात निफाडचं तापमान वाचलेलं असतं, तेवढ्यावरून कल्पना करावी. खोबरेल बाटलीत गोठलेलं, ते कोमट करून घेतलं, पण ऑलिव्ह, पातेलं आणि मी, सगळे गारठलेले. घुसळायला लागले तर दोन मिनिटांत मिश्रण छान दाट. मी खूश. रंग घातले, धारा सोडल्या, तार फिरवली. दुसऱ्या दिवशी साच्यात वर तेल आणि खाली काहीतरी वेगळंच. जिभेचं टोक लावून पाहिलं. साबण तयार आहे की नाही हे पाहायची ही जुनी रीत आहे, कॉस्टिक मोकळं असलं तर विजेसारखा झटका बसतो. बसला. साबण दाट झालाच नव्हता, खोबरेल नुसतं गार होऊन गोठलं होतं. याला खोटा ट्रेस म्हणतात.

ट्रेस म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. घुसळता घुसळता एक क्षण असा येतो, की पळी उचलली तर तिच्यावरून पडणारी धार खालच्या मिश्रणात लगेच विरून जात नाही, पृष्ठभागावर क्षणभर रेघ ठेवते. ती रेघ म्हणजे ट्रेस. त्याच्या आधी ओतलं तर रंग एकमेकांत मिसळून चहा होतो. नंतर ओतलं तर रंग मिसळतच नाहीत, गोळे एकमेकांवर बसतात. फुलपाखराला नेमकी मधली अवस्था लागते. ती मिनिट-दोन मिनिटं टिकते आणि तेवढ्यात चार भांड्यांत वाटून, रंग कालवून, धारा सोडून मोकळं व्हायचं असतं. मामेबहिणीने मला सांगितलं होतं, "पातळ कस्टर्डसारखं." मी घरात आयुष्यात दोनदा कस्टर्ड केलंय आणि दोन्ही वेळा ते वेगवेगळं झालं.

मी पळी उचलून धार बघत उभी होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आला का?"

"काय?"

"पाक."

मी पळी तशीच धरून त्यांच्याकडे पाहिलं. बाई पन्नास वर्षं रव्याचे लाडू करतात. थर्मामीटर न लावता, घड्याळ न बघता, बोटांच्या चिमटीत पाकाचा थेंब धरून एकतारी, दोनतारी, गोळीबंद असं सांगतात. त्यांचा पाक कधी पुढे गेलेला मी पाहिला नाही आणि माझा कधी वेळेवर आलेला त्यांनी पाहिला नाही. माझे लाडू एक तर बशीत बसकण मारतात, नाहीतर खलबत्ता मागवावा लागतो. गेली वीस वर्षं मी त्यांच्याकडून पाक शिकत नाहीये आणि आता त्याच खुर्चीसमोर, पोहायचा चष्मा लावून, मी तीच परीक्षा पुन्हा देत होते.

"धिरड्याच्या पिठासारखं हवंय," त्या म्हणाल्या. "तुझं अजून ताक आहे."

कस्टर्ड सोडलं आणि धिरडं धरलं. त्या दिवसापासून ट्रेस कधी चुकला नाही. ताक, पेज, धिरडं, भजी, इडली असा आमचा तक्ता ठरला. धारेचंही त्यांनीच शिकवलं. मी ग्लासभर रंग एकदम उलटा करायचे. "अभिषेक कधी पाहिला नाहीस का? त्र्यंबकला जाऊन काय बघतेस मग? तुटता कामा नये आणि जाड होता कामा नये." मी अभिषेकपात्र डोळ्यांसमोर आणलं आणि माझी धार सुधारली. आता वाटेत फक्त तार उरली होती.

तारेचं मूळ म्हणजे लाँड्रीतून कपड्यांबरोबर आलेला हँगर. तो सरळ करून, साच्याच्या लांबीला वाकवून, त्यावर माशांच्या टाकीची बारीक प्लॅस्टिकची नळी चढवली. नळीमुळे तार जाड होते आणि रंग ओढून नेते. वळसे किती घ्यायचे? मामेबहीण म्हणाली, "तीन. फार तर चार. मग हात आवर."

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. मला हात आवरता येत नाही. आमटीत मीठ बरोबर झालंय हे चव घेऊन कळल्यावरही मी 'जरासंच' घालते. फोन ठेवताना 'ठेवते हं' म्हटल्यावर माझी खरी बोलणी सुरू होतात. कॉलेजात असताना अंगणात काढलेल्या रांगोळीत मी मोराच्या डोळ्याला एक शेवटचा ठिपका दिला आणि मोराची घूस झाली. बक्षीस समोरच्या वाड्यातल्या मुलीला मिळालं, तिची रांगोळी माझ्या मते अर्धवट होती. तेव्हा तीन वळसे झाल्यावर साच्यात जे दिसत होतं ते मला अर्धवट वाटणारच. मी चौथा घेतला. चौथ्याने डावीकडे जरा रिकामं राहिलं, म्हणून पाचवा. पाचव्याने उजवीकडचं बिघडलं. पुढचे मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वड्या पाडल्या. पांढरा, निळा, गुलाबी आणि काळा हे चार रंग मिळून जो एक रंग होतो त्याला आमच्या गावात नाव आहे. ऑगस्टात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडावर तो रंग दिसतो.

तरी एका कोपऱ्यात थोडा गुलाबी वाचला होता आणि त्याच्या शेजारचा करडा मला सरळ हिरवट दिसत होता. हिरवा मी घातलाच नव्हता. शोधताना मला शेव्हरल भेटला, मिशेल यूजेन शेव्हरल, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. तेल आणि चरबी म्हणजे नेमकं काय आणि साबण होताना त्यांचं काय होतं, हे या माणसाने उलगडलं, त्याचा ग्रंथ 1823चा. पुढे तो पॅरिसच्या गोबलँ गालिचेवाल्यांच्या रंगशाळेचा प्रमुख झाला. तिथे तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. त्याने तपासलं. रंगात दोष नव्हता, शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्यामुळे काळा उतरलेला दिसत होता. त्यावर त्याने 1839 मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. शेजारच्यामुळे आपला रंग उतरतो, हे सोसायटीत राहणाऱ्या माणसाला सांगायला फ्रान्सहून कोणी यायला नको, पण साबण आणि रंगांचं भांडण हे दोन्ही एकाच माणसाने सोडवून ठेवलंय याचा मला फार आधार वाटला. तो 102 वर्षं जगला. फुलपाखराच्या नादाला लागला नसणार.

एव्हाना घरात साबण साठायला लागला होता. कापलेली वडी लगेच वापरायची नसते, चार ते सहा आठवडे हवेवर मुरवायची, पाणी उडून ती कडक आणि सौम्य होते. कपाटाच्या डोक्यावर, पुस्तकांच्या फळीवर, टीव्हीच्या मागे वर्तमानपत्रावर वड्या मांडलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊ लागले. देताना नाव काय सांगायचं हा प्रश्न होता. अर्देशीर गोदरेज यांनी साबण बाजारात आणले तेव्हा 'नंबर टू' आधी आला आणि 'नंबर वन' मागून. दोन नंबरचा इतका चांगला तर एक नंबरचा कसा असेल, असं गिऱ्हाइकाला वाटावं ही त्यातली युक्ती, असं सांगतात. मी माझ्या घाण्याला 'नंबर सात' म्हणायला सुरुवात केली. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या खालून सुरुवात केली तरी लोकांची एकच्या साबणाबद्दलची उत्सुकता वाढताना दिसत नाहीये.

आता मारुती.

पाचव्या घाण्याला मी निश्चय करून उभी राहिले. तीन वळसे, एकही जास्त नाही. सासूबाई खुर्चीवरून मोजत होत्या. तीन झाले. "बास," त्या म्हणाल्या. मी तार बाहेर काढत होते, खरंच काढत होते, पण काढता काढता टोकाला जरासं गोल फिरवलं. एवढंसंच.

सकाळी वड्या पाडल्या. पहिल्या दोन वड्या पुस्तकासारख्या उघडल्या आणि मी आनंदाने ओरडले. रेघा स्वच्छ होत्या, रंग वेगळे होते, दोन्ही बाजू हुबेहूब. घरात एक प्रदर्शनच भरलं. नवरा म्हणाला, बेडूक. मुलगा म्हणाला, हेल्मेट घातलेले दोन जण एकमेकांना धडकताहेत. दुपारी नणंद आली, तिला दोन बायका भांडताना दिसल्या आणि तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. रोर्शाक नावाच्या स्विस डॉक्टरने 1921 मध्ये अशीच दहा चित्रं छापली होती, शाईचे डाग, दोन्ही बाजूंनी सारखे. माणसाला त्यात काय दिसतं यावरून त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं. त्याला शाई वापरावी लागली, मी तेच काम तेलात करून दिलं.

सगळ्यात शेवटी सासूबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं आणि हात जोडले.

"अगं, हा दुतोंड्या आहे."

नाशिककरांना पुढे काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात भला उंच मारुती उभा आहे, दोन्हीकडे तोंड असलेला. पूर किती आला हे आम्ही फुटात मोजत नाही. मारुतीच्या कमरेला, छातीला, गळ्याला पाणी, अशी आमची मोजणी. एकदा सासूबाईंनी म्हटल्यावर मग सगळ्यांना तोच दिसायला लागला. ते टोकाचं गोल फिरवणं होतं ना, ती गदा. शेंदरी रंग मी घातलेला नव्हता, पण गुलाबी आणि पिवळ्याच्या बारीक रेघा शेजारी आल्या आणि लांबून शेंदरी दिसायला लागल्या.

"आता याने आंघोळ करायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, साबण आहे तो."

"मारुती आहे. अंगाला घासायचा?"

यावर काय बोलणार? झिजवायचा तर पाप, फेकायचा तर त्याहून मोठं. नवऱ्याने विसर्जन सुचवलं, मग त्यालाच आठवलं की नदीला फेस येईल. समर्थांनी अकरा मारुती स्थापन केले, त्यामागे काही योजना होती. माझे अकरा पुस्तकांच्या फळीवर शब्दकोशाशेजारी बसलेत आणि दर शनिवारी त्यांच्यापुढून उदबत्ती फिरते. साबणाला मोगऱ्याचा वास आहे, उदबत्तीला केवड्याचा.

सहाव्या घाण्याच्या वेळी सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या, मोजायला कोणी नव्हतं. मिश्रण धिरड्यावर आलं, चार भांडी झाली, धारा सुटल्या. तार उतरवली. एक वळसा. दुसरा. तिसरा अर्धा होतो न होतो तोच दाराची घंटा वाजली. मी 'आले' म्हणून ओरडले आणि फिरवत राहिले. घंटा पुन्हा वाजली, या वेळी बोट न उचलता. मी चडफडत तार उचलली, ताटात ठेवली आणि दार उघडलं.

गॅसवाला. त्याने चष्मा, हातमोजे आणि कोपरापर्यंत निळे डाग पाहिले आणि सिलिंडर दोघांच्या मध्ये येईल असा सरकवला. "ओटीपी," तो लांबूनच म्हणाला.

फोन कुठे होता? बेडरूममध्ये. हातमोज्यांनी फोन उघडत नाही. हातमोजे काढले, तर ते घामाने आत चिकटलेले. फोन उघडला तर मामेबहिणीचे सात संदेश आणि त्यांच्याखाली तो नंबर. मी सांगितला, तो चुकला. कालच्या कुरिअरचा होता. मग सुटे पैसे. मग खालच्या मजल्यावरच्या काकांना सिलिंडर कधी येणार याची चौकशी, जी मी करायची काही गरज नव्हती. ठेवते हं म्हटल्यावर माझी खरी बोलणी सुरू होतात हे मी सांगितलंच आहे. परत येऊन पाहते तर साच्यातलं सगळं श्रीखंडावर गेलेलं. तार टेकवून पाहिली, ती आत जाईना. मी साचा जुन्या चादरीत गुंडाळला आणि वाया गेला असं समजून धुणं लावायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसची घाई होती. जाता जाता सुरी फिरवली, दोन वड्या उघडल्या आणि बस चुकली.

निळे पंख. कडेला पिसाऱ्यासारख्या रेघा. मध्ये काळसर अंग आणि वर, मी न मागता, दोन मिशा. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "फुलपाखरू." मुलगा म्हणाला, "फुलपाखरू." संध्याकाळी सासूबाई परत आल्या, त्यांनी चष्मा लावला, उलटंसुलटं करून पाहिलं, कुठे देव तर नाही ना याची खात्री केली आणि म्हणाल्या, "पाक बरोबर वेळेला उतरवलास."

मी गॅसवाल्याचं नाव काढलं नाही. दोन वड्या चपट्या खोक्यात भरून पुण्याला पाठवल्या. मामेबहिणीचा फोन आला, "कुठून आणलंस गं?" मी गेले चार महिने ज्या शब्दाची वाट पाहत होते तो उच्चारला.

मग सातवा घाणा झाला, सासूबाईंच्या देखरेखीखाली, आणि त्याचं पुन्हा गंगापूर धरण झालं. कारण घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, बोललं कोणी नाही. सिलिंडर दीड महिन्याने येतो, तोवर थांबणं शक्य नाही. तेव्हा सध्या अशी व्यवस्था आहे की मी तार साच्यात उतरवली की मुलाने बाहेर जाऊन दार ओढून घ्यायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं आणि घंटा वाजवायची. बोट उचलायचं नाही. मी दार उघडलं की त्याने ओटीपी मागायचा. प्रत्येक घाण्याला तो दहा रुपये घेतो. मागच्या रविवारी त्याने वीसपर्यंत मोजलं, घंटा दाबली, आणि मी आतून ओरडले, "थांब रे, एकच राहिलाय!"

तो थांबला. आता त्याचा भाव वीस रुपये आहे, आणि किल्ली त्याच्याकडे असते.